बागेत घोंघावतेय ती मधमाशी की नुसतीच माशी? स्प्रे उचलण्याआधी हे वाचा

तुळशीच्या मंजिरीवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं काहीतरी घोंघावतंय. शेजारी लहान मूल खेळतंय. हात आपोआप कीटकनाशकाच्या स्प्रेकडे जातो. पुढच्या दहा सेकंदांत नेमकं काय मरणार, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं. ती मधमाशी असू शकते, भुंगा असू शकतो, गांधीलमाशी असू शकते. आणि बऱ्याचदा ती यांपैकी कुणीच नसते. ती असते मधमाशीचा वेश घेतलेली एक साधी माशी, जिला डंखच नाही.

चंद्रपूरच्या ऊर्जानगरसारख्या वसाहतीत हा प्रश्न वर्षभर पडतो. एका बाजूला २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र आणि दुर्गापूरच्या कोळसा खाणी, दुसऱ्या बाजूला ताडोबाकडे जाणारं जंगल. मधल्या क्वार्टरांच्या मागे शेवगा, कढीपत्ता, जास्वंद, झेंडू, कुंपणाला चिकटलेली रुई. वाघ-बिबट्यांच्या बातम्यांमुळे ही वसाहत राज्याला माहीत आहे. पण इथल्या परसबागेतलं प्राणिजगत बोटाच्या पेरात मावणारं आहे आणि रोजचा संबंध त्याच्याशीच येतो.

चुकीची ओळख दोन्हीकडून महागात पडते. निरुपद्रवी माशीवर स्प्रे मारला जातो. आणि पाण्याच्या टाकीखाली लटकलेल्या आग्या मोहोळाखाली मुलं क्रिकेट खेळत राहतात, कारण 'मधमाश्याच तर आहेत'.

गोंधळ भाषेतच आहे

मराठीत घरमाशी, मधमाशी, गांधीलमाशी, कुंभारमाशी या सगळ्या 'माश्या'च. त्यामुळे त्या एकाच घरातल्या बहिणी असाव्यात असं वाटतं. प्रत्यक्षात मधमाशी आणि गांधीलमाशी ज्या गटात येतात त्या गटात मुंग्याही येतात. त्याचं शास्त्रीय नाव हायमेनॉप्टेरा. घरमाशी, डास आणि फुलांवर तरंगणाऱ्या पट्टेदार माश्या डिप्टेरा या वेगळ्याच गटातल्या. म्हणजे मधमाशीचं नातं घरमाशीपेक्षा मुंगीशी जवळचं आहे.

डिप्टेरा या शब्दाचा अर्थच 'दोन पंखांचे'. हाच दोन गटांमधला मूळ फरक. माशीला पंखांची एकच जोडी असते, मधमाशीला दोन. पण बागेत उभं राहून पंख मोजायला जाल तर पदरी निराशाच येईल. मधमाशीच्या मागच्या पंखाच्या कडेला सूक्ष्म आकड्यांची रांग असते. उडताना ती पुढच्या पंखात अडकते आणि दोन्ही पंख एकच पातं असल्यासारखे हलतात. चार पंख लांबून दोनच दिसतात.

तुमच्या फोनमध्ये आहे तेच माशीकडेही आहे

मग माशीची मागची जोडी गेली कुठे? ती गेली नाही, तिचं यंत्र झालं. मागच्या पंखांच्या जागी माशीला गदेसारखे दोन बारीक दांडे असतात, टोकाला गाठ असलेले. त्यांना हॅल्टिअर म्हणतात. उडताना हे दांडे पंखांच्याच वेगाने वरखाली हलतात. माशीचं अंग हवेत जरा जरी वळलं, तरी हलणाऱ्या गाठींवर बाजूने बल पडतं, त्याला कोरिओलिस बल म्हणतात. दांड्याच्या मुळाशी असलेल्या संवेदना-पेशी ते टिपतात आणि माशी तत्काळ स्वतःला सावरते.

मोबाइलमधला जायरोस्कोप हेच करतो. त्याच्या चिपमध्ये केसापेक्षा बारीक भाग सतत थरथरत असतात. फोन वळला की त्यांच्यावर कोरिओलिस बल पडतं आणि फोनला कळतं की आपण किती वळलो. व्हिडिओ काढताना हात हलला तरी चित्र फारसं हलत नाही, त्यात या चिपचा वाटा असतो. इंजिनीअरिंगला हा भाग शिकवताना उदाहरण विमानाचं देतात. समोरच्या झेंडूवरच्या माशीचं दिलं असतं तर वर्ग जागा राहिला असता.

हे यंत्र असल्यामुळेच फुलांवरच्या पट्टेदार माश्या हवेत खिळा ठोकल्यासारख्या स्थिर राहतात. इंग्रजीत त्यांना हॉवरफ्लाय म्हणतात. कृषी विभागाच्या आणि विद्यापीठांच्या सल्ल्यांमध्ये त्यांचं नाव 'सिरफिड माशी' असं येतं. जगात त्यांच्या सुमारे ६ हजार जाती आहेत.

मग ओळखायचं कसं?

हातात भिंग नको. दोन हात अंतरावरून, घाई न करता बघा.

सगळ्यात आधी तोंडाकडे पाहा. माशीचं डोकं म्हणजे जवळजवळ डोळेच. दोन मोठे, गोलसर डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात आणि नरांमध्ये ते अनेकदा वर एकमेकांना टेकतात. मधमाशीचे डोळे लांबट आणि डोक्याच्या दोन बाजूंना असतात, मध्ये कपाळ दिसतं. त्याच कपाळावर मिशांसारख्या दोन स्पर्शिका असतात. मधमाशीच्या स्पर्शिका लांब आणि कोपरात वाकल्यासारख्या, सहज दिसणाऱ्या. सिरफिड माशीच्या इतक्या आखूड की नसल्यासारख्याच. एकच खूण लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कारण ती फोटोतही दिसते.

नंतर मागचे पाय. मधमाशीच्या मागच्या पायांवर परागाच्या पिवळ्या-केशरी गोळ्या दिसल्या तर प्रश्नच मिटला. पिल्लांसाठी पराग गोळा करून घरी नेणं हे मधमाश्यांचं काम आहे. सिरफिड माशी पराग खाते, पण बांधून नेत नाही. तिचे पाय काटकुळे असतात.

कंबर पाहून गांधीलमाशी वेगळी काढता येते. तिची कंबर सुतासारखी बारीक, अंग गुळगुळीत, चकाकणारं. मधमाशीच्या अंगावर लव असते. माशीला कंबर जवळजवळ नसतेच, छाती आणि पोट सरळ जोडलेले.

या नियमांना अपवाद आहेत. मधमाशीच्या नराचे डोळे माशीसारखेच मोठे आणि डोक्यावर टेकलेले असतात. पण नर फुलांवर फारसा येत नाही आणि त्याला डंख नसतो. तरंगणं हीसुद्धा एकट्या माशीची मक्तेदारी नाही. निळ्या पट्ट्यांची एक मधमाशी फुलासमोर क्षणभर थांबते आणि झपकन दुसरीकडे जाते. फरक असा की ती सतत चुळबुळत असते. सिरफिड माशी निवांत.

वेश कशासाठी?

ऊर्जानगरच्या विजेच्या तारांवर बसलेला वेडा राघू पाहिला असेल. हिरवा, लांब चोचीचा. मधमाशी पकडली की तो ती फांदीवर आपटतो, घासतो, डंख निकामी करतो आणि मगच गिळतो. त्याला ही कला येते. बाकीच्या बऱ्याच पक्ष्यांना येत नाही. एकदा डंख बसलेला पक्षी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या वाटेला सहसा पुन्हा जात नाही. सिरफिड माशी याच भीतीचा फायदा घेते. स्वतःकडे शस्त्र नाही, पण शस्त्रधाऱ्याचा गणवेश आहे.

ॲमेझॉनच्या जंगलात ११ वर्षं राहिलेल्या हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८६२ मध्ये फुलपाखरांच्या बाबतीत ही युक्ती मांडली. डार्विनचं पुस्तक येऊन तीनच वर्षं झाली होती आणि त्याच्या सिद्धांताला हा मोठा आधार मिळाला. आज या प्रकाराला बेट्सच्याच नावाने ओळखतात.

काही माश्या नुसत्या रंगावर थांबत नाहीत. एरिस्टॅलिस ही तपकिरी, लवदार माशी मधमाशीसारखी दिसतेच, शिवाय एका फुलावर किती वेळ बसायचं आणि किती वेळात दुसऱ्यावर जायचं हेही तिचं मधमाशीशी जुळतं. तिची अळी मात्र सांडपाण्याच्या डबक्यात वाढते आणि शेपटीसारख्या लांब नळीने श्वास घेते. मेलेल्या बैलाच्या अंगातून मधमाश्या जन्मतात, अशी समजूत प्राचीन ग्रीस-रोममध्ये होती. कुजक्या मांसाच्या पाण्यातून बाहेर पडणारी हीच माशी त्या समजुतीमागे असावी, असं ऑस्टेन-साकेन या कीटकशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये मांडलं. इतकी जुनी गल्लत आहे ही. आजही 'मधमाशी वाचवा' म्हणणाऱ्या पोस्टवर सिरफिड माशीचा फोटो हमखास सापडतो.

तिच्याच जवळच्या एरिस्टॅलिनस माश्या आपल्याकडे झेंडूवर, तुळशीवर दिसतात. त्यांच्या डोळ्यांवर ठिपके किंवा उभ्या रेघा असतात. मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्याने एकदा टिपून पाहाच.

मावा खाणारी 'अळी' मारू नका

वालाच्या शेंड्यावर, चवळीवर, गुलाबाच्या कळीवर मावा पडला की त्यातच कधी कधी एक बिनपायाची, हिरवट-पांढरी, जळूसारखी अळी वळवळताना दिसते. बघणाऱ्याला वाटतं, मावा कमी होता म्हणून आता अळीही आली. वस्तुस्थिती उलटी आहे. ती सिरफिड माशीचीच अळी असते आणि ती मावा खायला आलेली असते. एक अळी वाढीच्या काळात शेकडो मावा कीटक फस्त करते. म्हणूनच कृषी सल्ल्यांमध्ये ढालकिडा आणि क्रायसोपा यांच्या जोडीने सिरफिडचं नाव मित्रकीटकांत असतं.

चंद्रपूर-गडचिरोलीत धानानंतर लाखोळी, जवस, हरभरा ही रब्बीची पिकं येतात. त्यातल्या जवसावर, लाखोळीवर मावा येतो आणि त्याच्या मागोमाग या माश्याही. परसबागेत काही दिवस वाट पाहणं परवडतं. मावा असलेला शेंडा जोरदार पाण्याने धुतला तरी बराचसा निघून जातो. फवारायचंच असेल तर फुलं असलेल्या भागावर नको आणि सकाळी तर नकोच. संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर.

आणि परागीभवनाचं काय? ते काम फक्त मधमाश्याच करतात, हा समज अर्धवट आहे. पाच खंडांतल्या ३९ शेत-अभ्यासांची एकत्र तपासणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. पिकांच्या फुलांना होणाऱ्या एकूण भेटींपैकी २५ ते ५० टक्के भेटी मधमाश्यांव्यतिरिक्त इतर कीटकांच्या निघाल्या. त्यात माश्यांचा वाटा मोठा. एका भेटीत त्या मधमाशीइतका पराग पोचवत नाहीत, पण फेऱ्या जास्त मारतात.

खऱ्या मधमाश्या कोणत्या?

मधमाशी म्हटलं की पोळं आणि मध आठवतो. पण जगात मधमाश्यांच्या २० हजारांहून अधिक जाती आहेत, भारतात ७०० हून अधिक. त्यातल्या बहुतेक पोळं बांधत नाहीत, मध साठवत नाहीत आणि एकेकट्या राहतात.

आधी पोळंवाल्या बघू. कढीपत्त्याच्या किंवा मेंदीच्या झुडपात तळहाताएवढं एकच पोळं फांदीला लपेटून असेल, तर ती फुलोरी. आकाराने लहान, पोटाचा पुढचा भाग लालसर, मागे काळे-पांढरे पट्टे. ती शांत असते. मुंग्या येऊ नयेत म्हणून फांदीला चिकट डिंकाचा पट्टा लावून ठेवते, हे निरखून पाहिलं तर दिसतंही. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, मीटरच्या जुन्या पेटीत एकाशेजारी एक पोळी लावते ती सातेरी. पेटीत पाळली जाणारी आपली देशी माशी हीच. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे गाव मे २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, तेही मुख्यतः सातेरीच्या जोरावर.

खिडकीच्या चौकटीतून किंवा भिंतीच्या फटीतून मेणाची बारीक नळी बाहेर आलेली दिसली, आणि तिच्या तोंडाशी मुंगीएवढ्या काळ्या माश्या, तर त्या डंखहीन मधमाश्या. नावाप्रमाणेच त्यांचा डंख निकामी आहे. छेडलं तर फार तर केसांत घुसतात, चावा घेतात. लोक ती नळी वाळवी समजून खरवडतात. राहू द्या, त्यांचा काही त्रास नाही.

उरली आग्या. तिला वेगळा भाग द्यावा लागेल.

आग्या मोहोळ: इथे धाडस नको

आग्या माशी आपल्याकडच्या मधमाश्यांमध्ये सर्वांत मोठी. काटेसावरीसारख्या उंच झाडावर, पुलाखाली, पाण्याच्या टाकीखाली, उंच इमारतीच्या सज्जाखाली तिचं एकच मोठं पोळं उघड्यावर लटकतं, कधी मीटरभर रुंद. ऊर्जानगर असो की कुठलीही औद्योगिक वसाहत, उंच काँक्रीट म्हणजे तिच्या दृष्टीने कडाच. पोळ्यावर माश्यांचा पडदा असतो. गांधीलमाशी जवळ आली की त्या पडद्यावरून लाट धावल्यासारखी दिसते. हजारो माश्या क्रमाने पोट वर उचलतात. स्टेडियममधल्या मेक्सिकन वेव्हसारखं. लांबून बघायला सुंदर, पण ती लाट म्हणजे इशारा आहे.

ही माशी एकटी डंख मारून थांबत नाही. कामकरी माशीचा काटेरी डंख कातडीत अडकतो आणि त्यासोबत एक वास सुटतो, काहीसा पिकलेल्या केळ्यासारखा. तो वास बाकीच्यांना बोलावतो. शिवनेरीपासून अजिंठ्यापर्यंत पर्यटकांवर झालेले हल्ले याच माशीचे असतात, आणि अनेकदा सुरुवात धूर किंवा दगड यातून होते.

त्यामुळे मोहोळाखाली कचरा जाळू नका, फटाके नकोत, ड्रोन नको, रात्री टॉर्च मारून व्हिडिओ नको. पोळं वाटेवर नसेल तर त्याला हात न लावणं हाच उत्तम उपाय. आग्या हंगामी मुक्काम करते आणि फुलोरा संपला की वसाहत स्वतःहून निघून जाते. वाटेवरच असेल तर वसाहतीच्या देखभाल विभागाला कळवा आणि प्रशिक्षित मधपाळाकडून काढून घ्या. रॉकेल ओतून जाळणारा 'जाणकार' स्वस्त पडतो, पण चिडलेल्या माश्या त्याच्यापुरत्या थांबत नाहीत. शेजारच्या तीन इमारतींना भोगावं लागतं.

हल्ला झालाच तर हात झाडत एका जागी उभं राहू नका. तोंड झाकून पळा, बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, माश्या वर वाट बघत राहतात. डंख नखाने किंवा कार्डाने खरवडून काढा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं, कारण विषाची पिशवी निघाल्यानंतरही काही वेळ विष सोडत राहते. जागा साबणाने धुवा, बर्फ लावा. श्वास लागणं, ओठ किंवा चेहरा सुजणं, अंगभर गांधी, चक्कर, उलटी यांपैकी काहीही दिसलं किंवा डंख खूप असले तर चुना लावत बसू नका. १०८ ला फोन करा, रुग्णालय गाठा.

आग्याचा एक निरुपद्रवी पुरावाही सांगायला हवा. झाडाखाली लावलेल्या पांढऱ्या गाडीवर सकाळी मोहरीएवढे पिवळे ठिपके पडलेले असतात. वीज केंद्राजवळ राहणाऱ्यांना आधी राखेचा किंवा रसायनाचा संशय येणं साहजिक आहे. पण हजारो आग्या माश्या एकाच वेळी पोळ्यावरून उठून हवेत विष्ठा टाकतात आणि बऱ्याचदा ते ठिपके तिचेच असतात. यावरून एकदा जागतिक वादही झाला. १९८१ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी आग्नेय आशियात सोव्हिएत गटाकडून विषारी 'पिवळा पाऊस' पाडला जात असल्याचा आरोप केला. हार्वर्डचे मॅथ्यू मेसेलसन, मधमाशी-अभ्यासक थॉमस सीली आणि सहकाऱ्यांनी थायलंडमध्ये जाऊन पाहिलं, तर तसाच पाऊस त्यांच्याही अंगावर पडला. पाडणाऱ्या आग्या माश्याच होत्या. ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की परागकण दिसतात.

एकट्या राहणाऱ्या

रुईच्या फुलावर काळाकुट्ट, निळसर चमकणाऱ्या पंखांचा मोठा भुंगा येतो. ज्याला आपण भुंगा किंवा भ्रमर म्हणतो, तीही मधमाशीच. वाळक्या लाकडाला, बांबूला गोल भोक पाडून त्यात पिल्लं वाढवते, म्हणून तिला सुतार माशी असंही म्हणतात. आवाजाने काळजात धस्स होतं खरं, पण मादी हातात धरून दाबल्याशिवाय सहसा डंख मारत नाही. नर तोंडासमोर येऊन दरडावतो, त्याच्याकडे डंखच नाही. रुईच्या फुलाची रचना अशी आहे की परागाची जोडी ओढून काढायला अशीच दांडगी माशी लागते. तुरीच्या फुलांवरही ती दिसते.

वांगं, टोमॅटोचं प्रकरण अजून मजेदार. या फुलांमधला पराग मिठाच्या डबीत असावा तसा बंद असतो, टोकाला बारीक छिद्रं. तो हलवून बाहेर पाडावा लागतो. पोळंवाल्या मधमाश्यांना हे जमत नाही. निळ्या पट्ट्यांची अमेजिला ही माशी फूल पकडते आणि छातीचे स्नायू थरथरवते. ऑस्ट्रेलियातल्या तिच्या एका नातलगाचं चित्रण केलं तेव्हा ती सेकंदाला सुमारे ३५० वेळा डोकं फुलावर आपटत असल्याचं दिसलं. भुंगाही फूल असंच थरथरवतो. वांग्याच्या फुलावर 'झिंऽऽ' असा थांबून थांबून आवाज आला तर समजा, काम चालू आहे. संध्याकाळी अमेजिलाचे नर गवताच्या काडीला जबड्याने धरून, ओळीने लटकून झोपतात. पाय हवेत. टॉर्चच्या उजेडात हा फोटो सहज मिळतो.

गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानांना कंपासने कापल्यासारखे अर्धगोल काप दिसले तर अळी शोधू नका. पान कापणारी मधमाशी ते तुकडे नेऊन पिल्लांसाठी पुड्या बांधते. ती पराग पायांवर नाही, पोटाखाली वाहते. पिवळ्या पोटाने फुलांवर घसरत जाणारी माशी दिसली तर बहुधा हीच. झाडाचं यात फार काही बिघडत नाही, सौंदर्य थोडं कमी होतं इतकंच. त्यासाठी औषध फवारणं मला तरी पटत नाही.

आणखी दोन बहुरूपी

ओल्या कचऱ्याच्या खतटाकीभोवती काळी, सडपातळ, गांधीलमाशीसारखी दिसणारी माशी घुटमळते. पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या असतात, त्यामुळे कंबर बारीक असल्याचा भास होतो. ही ब्लॅक सोल्जर फ्लाय. चावत नाही, डंखत नाही. तिच्या अळ्या स्वयंपाकघरातला कचरा इतक्या वेगाने संपवतात की त्यावर उद्योग उभे राहिलेत.

दुसरी रॉबर फ्लाय, म्हणजे दरोडेखोर माशी. हिची एक जात हुबेहूब भुंग्यासारखी दिसते आणि तिची अळी भुंग्याच्याच लाकडी बिळात त्याच्या पिल्लांवर जगते. वेश घेऊन घरात शिरणं ते हेच.

मे महिन्यातला कूलर

चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ च्या पुढे जाणं नेहमीचंच. तेव्हा मधमाश्या फुलांपेक्षा नळावर, कूलरच्या जाळीवर जास्त दिसतात. त्या मध सोडून पाणी नेतात, पोळ्यात थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. म्हणजे कूलरवर बसलेली माशी स्वतःच्या कूलरसाठी पाणी भरत असते. तिथे त्यांची गर्दी नको असेल तर खिडकीपासून लांब, सावलीत पसरट ताटली ठेवा. त्यात खडे टाका, म्हणजे माश्या बुडणार नाहीत. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील. ताटली कूलर सुरू होण्याआधीच ठेवा. एकदा त्यांना कूलरची वाट कळली की ती मोडणं कठीण.

फोटो काढताना

एकाच माशीचे तीन फोटो हवेत: वरून, बाजूने आणि समोरून. समोरच्या फोटोत डोळे आणि स्पर्शिका येतात, बाजूच्या फोटोत मागचा पाय आणि कंबर. सकाळी लवकर काढा. अंग गरम होईपर्यंत कीटक सुस्त असतात. सावली त्यांच्यावर पडू देऊ नका, सावली पडली की उडालेच.

स्लो-मोशनमध्ये पंख दिसतील ही आशा सोडा. मधमाशीचे पंख सेकंदाला सुमारे २३० वेळा हलतात आणि बऱ्याच फोनचा स्लो-मोशन सेकंदाला २४० चौकटी टिपतो. म्हणजे पंखाच्या एका फेरीला जेमतेम एक चौकट. परिणामी व्हिडिओत पंख अगदी संथ हलताना किंवा थांबल्यासारखे दिसतात. गंमत म्हणून बघा, पुरावा म्हणून नको.

गुगल लेन्स गट ओळखायला ठीक, पण पिवळे-काळे पट्टे दिसले की तेही फसू शकतं, पक्ष्यांसारखंच. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो ठिकाण आणि तारखेसह टाकला तर जाणकार माणसं ओळख तपासतात. फक्त फोटोवरून जातीपर्यंत पोचणं अनेकदा शक्य नसतं, 'सिरफिड कुळातली माशी' एवढंच उत्तर येऊ शकतं. स्प्रे खाली ठेवायला तेवढं पुरतं.